दहाही गाणी दुसऱ्यांची, मग अल्बम तिचा कसा?

राजवाडा_ते_रामबाग
लेकीने रविवारी पोहे खाता खाता एक प्रश्न विचारला. मला उत्तर सुचलं नाही आणि तेव्हापासून तो पाठ सोडत नाही. म्हणून धागा काढते आहे.

घरात स्कॉटिश गायिका ॲनी लेनॉक्सचा 'मेड्यूसा' लावला होता. १९९५चा. तेव्हा मी कॉलेजात होते. इंदुरात इंग्रजी कॅसेट ठेवणारी दुकानं मोजकीच, आणि ही मी भाऊबीजेच्या पैशांतून घेतली होती. फीत ताणली जाईपर्यंत ऐकली. लेक फोनवर त्याच अल्बमची माहिती वाचत बसली होती. एकदम म्हणाली, "आई, यातलं एक पण गाणं हिचं नाहीये. दहाच्या दहा दुसऱ्यांची. मग यात हिचं काय आहे?"

खरं आहे तिचं. बॉब मार्ली, पॉल सायमन, नील यंग, अल ग्रीन, टेम्प्टेशन्स, क्लॅश, प्रोकोल हॅरम, ब्लू नाइल, पर्सुएडर्स. 'नो मोअर आय लव्ह यूज' तर मी कितीतरी वर्षं तिचंच समजत होते. ते 'द लव्हर स्पीक्स' या जोडीचं, १९८६ सालचं निघालं. त्यांचं फारसं चाललं नाही. हिला मात्र त्याच गाण्यासाठी ग्रॅमी मिळालं.

माझं मन सांगतं की 'मेड्यूसा' पूर्णपणे ॲनीचा आहे. पण का, ते मला सांगता येईना. तुम्ही सांगा. "आवाज चांगला आहे" हे उत्तर देऊन झालं, लेकीला ते पुरलं नाही.

विजयनगरचा_भिया
ताई, लेक बरोबर बोलून राहिली आहे. अपन तर याला व्हर्जन गाणी म्हणायचो. नव्वदीत घरोघरी ढीग होता.

मालवी_मिरची
मीही लेकीच्या बाजूने. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय? लिहिणाऱ्याने रात्री जागवल्या, चाल बांधणाऱ्याने दहा वेळा खोडून पुन्हा बांधली, पहिल्या गायकाने ते कोणाला आवडेल की नाही हे माहीत नसताना गायलं. कव्हर, म्हणजे दुसऱ्याचं आधीच निघालेलं गाणं नव्याने गाणाऱ्याला यातलं काहीच सोसावं लागत नाही. गाणं चालतं हे आधीच ठरलेलं असतं.

रॉड स्टुअर्टचंच बघा. २००२ पासून अमेरिकेतल्या जुन्या गाण्यांचे एकामागून एक पाच अल्बम काढले. तिसऱ्याला ग्रॅमीही मिळालं. मला त्याचा तरुणपणीचा खरखरीत, बेफिकीर आवाज अतोनात आवडतो, म्हणूनच या पाच अल्बमांचं वाईट वाटतं. ज्याच्याकडे स्वतःचं सांगण्यासारखं होतं, तो माणूस दुसऱ्यांच्या पंगतीत जाऊन बसला असं वाटतं.

काळी_पाच
मिरचीताई, सोसावं लागत नाही हे मला पटत नाही. मी पंचवीस वर्षं ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो आहे, आणि सर्वांत जास्त घाम मी ओळखीच्या गाण्यांना गाळला आहे. नवीन गाणं लोक कोऱ्या कानाने ऐकतात. ओळखीच्या गाण्यात मूळ गाणं आधीच कानात बसलेलं असतं आणि तुमची प्रत्येक जागा त्याच्याशी ताडून बघितली जाते.

आता धागाकर्त्या ताईंसाठी एक गोष्ट. त्या यादीकडे परत बघा. दहाही गाणी मूळची पुरुषांनी गायलेली आहेत. माझ्या लेखी या अल्बमचं कुलूप इथे उघडतं.

आमच्याकडे पुरुष साधारण काळी एक, काळी दोनमध्ये (पेटीच्या त्या काळ्या पट्टीचा सूर षड्ज धरून) गातात आणि बायका त्याहून वरच्या काळी चार, काळी पाचमध्ये. एखाद्या ताईंनी मुकेशचं गाणं मागितलं की मी अख्खं गाणं पंचमाएवढं वर उचलतो. सुरावट तीच, शब्द तेच, पण मुकेश ज्या ओळीला खाली उतरून जवळजवळ बोलायचे, ती ओळ ताईंच्या गळ्यातून मोकळी येते. गाण्यातलं दुःख पुटपुटल्यासारखं होतं, ते आता सगळ्यांसमोर मांडल्यासारखं होतं. ॲनीचा आवाज बाईच्या मानाने खालचा, भरीव. त्यामुळे तिला पुरुषांच्या गाण्यांपासून फार लांब जावं लागत नाही, ती मधल्याच एका ठिकाणी उभी राहते.

'वेटिंग इन व्हेन' घ्या. मार्लीचं १९७७चं. मूळ गाण्यात गिटारचा तुकडा ठोक्यावर न पडता दोन ठोक्यांच्या मध्ये पडतो, त्यामुळे वाट बघणारा माणूससुद्धा झुलत असतो. ॲनीने तो झोका जवळजवळ थांबवला. आता जी उरते ती नुसती वाट बघणारी बाई. शब्द बदललेले नाहीत, पण हे वेगळं गाणं आहे. ते तिने केलं, मार्लीने नाही.

राजवाडा_ते_रामबाग
दहाही पुरुषांची! तीस वर्षं ऐकते आहे, कधी लक्षात आलं नाही. काळी_पाच, मनापासून धन्यवाद. आज रात्री पुन्हा ऐकणार.

आता_पुण्यात
यावरून लताबाईंचा 'श्रद्धांजली' आठवला, १९९२चा. इंदुरात जन्मलेल्या बाईंविषयी इंदूरकरांच्याच धाग्यावर अजून कोणी कसं बोललं नाही? सैगल, हेमंतकुमार, मुकेश, रफी, किशोर, गीता दत्त. जे गेले त्यांची गाणी त्यांनी स्वतःच्या गळ्यातून पुन्हा गायली. त्यातलीही बरीचशी पुरुषांचीच. आणि मधूनमधून त्या प्रत्येकाबद्दल बोलतात. आईने तो कॅसेटसंच देव्हाऱ्याशेजारी ठेवला होता, दुसऱ्या कॅसेटांत मिसळू द्यायची नाही.

मालवी_मिरची
तो मी ऐकला आहे आणि खरं सांगते, मला मूळ गाणीच आठवत राहिली. लताबाईंबद्दल आदर अपार. पण सैगलांचं गाणं सुरू झालं की माझा कान सैगलांनाच शोधतो. हा दोष माझ्या कानाचा असेल.

आता_पुण्यात
@मालवी_मिरची, दोष कसला? मला तर वाटतं तिथे तसंच व्हायला हवं. गेलेल्या माणसाचा फोटो बघताना फोटोच्या कागदाकडे कोणी बघत नाही. 'मेड्यूसा'त ॲनी समोर येते, 'श्रद्धांजली'त लताबाई जाणूनबुजून बाजूला होतात. दोन्ही कव्हर अल्बमच, पण कामं निराळी.

विजयनगरचा_भिया
माझ्या बाबांनी एकदा रफीची म्हणून कॅसेट आणली होती. पगाराचा दिवस होता. हात-पाय धुऊन, चहा घेऊन ऐकायला बसले, आणि आवाज दुसराच. वर मोठा फोटो रफींचा, गाणाऱ्याचं नाव मुंगीएवढ्या अक्षरांत. कंपनीचं नाव घेत नाही. बाबा काही बोलले नाहीत, कॅसेट परत डबीत घालून ठेवली. मला अजून त्यांचा चेहरा आठवतो. व्हर्जन म्हटलं की म्हणून मन उठतं.

पडद्यामागे
भिया, वाचून गलबललं. पण त्याच व्हर्जनच्या बाजारातून सोनू निगम आला हेही खरं. रफींची गाणी गाऊन सुरुवात केली आणि २००८मध्ये 'रफी रिसरेक्टेड'साठी त्याने बर्मिंगहॅमच्या सिंफनी ऑर्केस्ट्रासोबत तीच गाणी पुन्हा गायली. कुमार सानू किशोरची गाणी गात आला. शिकायची शाळाच होती ती.

खंडपीठाजवळ
भिया, तुमच्या बाबांबरोबर जे झालं त्यावर आता कायद्यात स्पष्ट तरतूद आहे. २०१२च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ३१सी (31C) आलं. त्यानुसार कव्हर काढायचं तर मूळ ध्वनिमुद्रण झालं ते वर्ष संपल्यावर पाच कॅलेंडर वर्षं थांबावं लागतं. वेष्टनावर लोकांची दिशाभूल होईल असं काही चालत नाही, आणि हे कव्हर आहे असं मुखपृष्ठावर लिहावं लागतं. शब्द-चालीच्या हक्कधारकाला आधी सूचना द्यायची, आगाऊ रॉयल्टी भरायची, आणि ती दर वर्षी किमान ५०,००० प्रतींची. मिरचीताईंच्या बिळाला आता भाडं आहे म्हणा.

'गाणं कोणाचं' याबद्दल एक सुंदर खटला आहे आणि तो नेमका 'मेड्यूसा'तल्याच गाण्याचा आहे. 'अ व्हायटर शेड ऑफ पेल', प्रोकोल हॅरम, १९६७. सुरुवातीला जो ऑर्गन वाजतो, बाखची आठवण करून देणारा, तो वाजवला मॅथ्यू फिशरने. गाण्यावर नावं मात्र दुसऱ्या दोघांची. जवळपास चाळीस वर्षांनी तो कोर्टात गेला. २००६मध्ये लंडनच्या कोर्टाने त्याला संगीताचा सहरचनाकार मानून ४० टक्के वाटा दिला, अपिलात गाडी घसरली, आणि २००९मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च कोर्टाने, त्याच्या बाजूने निकाल दिला. म्हणजे ज्याला आपण सरळ 'मूळ' म्हणतो, ते कोणाचं हे ठरवायलाही चार दशकं आणि तीन कोर्टं लागली.

काळी_पाच
वा वकीलसाहेब! वाजवणाऱ्याच्या बाजूने एवढं मोठं कोर्ट बोललं हे वाचून आज रियाजाला जास्त वेळ बसणार.

जिरावण
सगळे इतक्या गंभीरपणे बोलताय, पण मूळ प्रश्न पोहे खाताना निघाला हे विसरू नका. आपले इंदुरी पोहे म्हणजे देशावरच्या कांदेपोह्यांचं कव्हरच की. वाफेवर ठेवले, बडीशेप घातली, वर शेव, जिरावण मसाला, बारीक कांदा, बाजूला जिलबी. मग हे पोहे कोणाचे?

आता_पुण्यात
इंदूरचे. यावर चर्चा नको.

मालवी_मिरची
जिरावण, पहिल्यांदा तुमच्या बाजूने आहे. पण बडीशेप फोडणीत की नंतर?

जिरावण
फोडणीत. हळदीच्या आधी. पोहे भिजवताना नुसते धुवायचे, पाण्यात ठेवायचे नाहीत. मग उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर. आमच्या आजोबांना पोह्यांखाली वाफ नसली तर पंगतीवरून उठताना बघितलं आहे.

पडद्यामागे
पोह्यांवरून परत गाण्याकडे आणतो. आपल्या संगीत नाटकांची जुनी पुस्तकं कोणी पाहिली आहेत? 'सौभद्र' वगैरे. प्रत्येक पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून दुसऱ्या एखाद्या गाण्याची ओळ छापलेली असायची. ते पद कशावरून बांधलं हे नाटककार उघड सांगायचा. कुठली लावणी, कुठलं कानडी पद, कुठली हिंदुस्तानी चीज. कोणाला त्यात कमीपणा वाटला नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांचं श्रेय त्याने कमी झालं नाही. उसनं घेतलेलं झाकलं नाही, हाच त्यातला प्रामाणिकपणा. भियाच्या बाबांच्या कॅसेटवर नेमका तो नव्हता.

देवासकर
सकाळपासून हा धागा वाचतो आहे आणि मला आमच्या देवासच्या टेकडीच्या पायथ्याचं कुमार गंधर्वांचं घर आठवतं आहे.

कुमार गंधर्व लहानपणी कसे गायचे माहीत आहे ना? नऊ-दहा वर्षांचा मुलगा, मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकायचा आणि बैठकीत जशाच्या तशा गाऊन दाखवायचा. अब्दुल करीम खाँ, सवाई गंधर्व, हुबेहूब. लोक वेडे व्हायचे. आजच्या भाषेत कव्हरच. नंतर मुंबईला देवधरांकडे शिकले, क्षयाने १९४८मध्ये हवापालटासाठी देवासला आले, काही वर्षं गाणं बंद. अंथरुणावर पडून माळव्यातली गाणी ऐकली. आणि मग तोच माणूस पुढे एक कार्यक्रम करतो, बालगंधर्वांच्या पदांचा. नाव देतो 'मला उमजलेले बालगंधर्व'.

नुसतं 'बालगंधर्वांची गाणी' असं नाव देता आलं असतं. 'मला उमजलेले' दिलं. लहानपणी तबकडीतलं सगळं गळ्यात येत होतं, पण तेव्हा त्याला असं नाव देता आलं नसतं. ती नक्कल आश्चर्यकारक होती, पण उमजण्याचं वय पुढे यायचं होतं. ताई, लेकीला हे सांगा. यात हिचं काय आहे असं ती विचारते ना? हिचं उमजणं आहे. ते असेल तर अल्बम हिचा. नसेल तर मिरचीताई म्हणतात ते खरं, मग आवाज कितीही गोड असो.

माझे वडील तो कार्यक्रम ऐकून आले होते. बालगंधर्वांना त्यांनी उतारवयात ऐकलं होतं. ते एवढंच म्हणायचे की कुमारांनी नक्कल केली असती तर मला नारायणराव (बालगंधर्व) आठवले असते, पण त्या रात्री मला पद समजलं.

आता_पुण्यात
देवासकर काका, नमस्कार घ्या.

मालवी_मिरची
देवासकर, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. तरी एक अडतं. बंदिश किंवा नाट्यपद ही मुळात अनेकांनी गाण्यासाठीच असते. यमनमधली एक बंदिश शंभर जण गातात, आपण कव्हर म्हणत नाही, कारण मूळ ध्वनिमुद्रण असं काही नसतंच. पॉपचं तसं नाही. तिथे गाणं म्हणजे ती ठराविक तबकडीच. तो ऑर्गन, तो श्वास, त्या खोलीतला घुमारा सकट. खंडपीठाजवळ यांनी सांगितलेला खटला तेच दाखवतो ना? ऑर्गनची सुरावटसुद्धा रचना ठरली. मग ते सगळं काढून टाकल्यावर जे गायलं जातं ते मूळ गाणं आहे की त्याचा सांगाडा?

काळी_पाच
फार चांगला मुद्दा. माझं उत्तर: सांगाडा उभा राहतो की नाही हे कव्हरमुळेच कळतं. क्लॅशचं 'ट्रेन इन व्हेन' पंक बँडचं, गिटारींच्या धावपळीतलं. ती धावपळ काढली तर कोसळेल असं वाटतं. ॲनीने काढली, आणि गाणं उभं राहिलं. तेव्हा कळलं की आतली चाल किती पक्की होती. हा मूळ रचनाकाराचाही सन्मान झाला.

मालवी_मिरची
हे मान्य. रॉड स्टुअर्टबद्दल मात्र माझं मत तेच.

निवृत्त_तिलकनगर
मी लिहीत नाही फारसा, वाचतो. पण आज लिहावंसं वाटलं.

आमचा कराओकेचा गट आहे, पंधरा-वीस जण, सगळे साठीच्या पुढचे. दर गुरुवारी एका हॉलमध्ये जमतो. मी मुकेश गातो. सहा वर्षं मुकेशसारखंच गाण्याचा प्रयत्न केला. नाकातून सूर लावायचा, शब्द तसेच सोडायचे. लोक टाळ्या देतात.

मागच्या पावसाळ्यात मी गात असताना वीज गेली. ट्रॅक बंद, माइक बंद. अंतरा अर्धा झालेला. थांबणार होतो, पण पुढच्या रांगेतल्या वहिनींनी हाताने गा म्हणून खूण केली. मग तसाच गायलो. ट्रॅकची घाई नव्हती, त्यामुळे लय आपोआप उतरली. अंधारात मुकेश वगैरे काही लक्षात राहिलं नाही. ते गाणं माझ्या पत्नीला आवडायचं, ती जाऊन चार वर्षं झाली. शेवटच्या ओळीनंतर कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बराच वेळ फक्त पत्र्यावरचा पाऊस ऐकू येत होता.

देवासकरांनी 'उमजलेले' लिहिलं तेव्हा मला ती संध्याकाळ आठवली. मी सहा वर्षं गात होतो ते गाणं मला त्या दिवशी कळलं.

राजवाडा_ते_रामबाग
काका, तुमचं पोस्ट मी लेकीला मोठ्याने वाचून दाखवलं. शेवटी माझाच आवाज अडला, मग उरलेलं तिने वाचलं.

काल आम्ही दोघी बसलो होतो. 'समथिंग सो राइट' आधी पॉल सायमनचं लावलं, १९७३चं, मग ॲनीचं. लेकीने डोळे मिटून ऐकलं. म्हणाली की तो आनंदाला सरावलेला नाही म्हणून बावरलेला वाटतो, आणि हिला आनंद मिळालाय पण तो जाईल अशी भीती वाटते आहे. मी तीस वर्षं हे गाणं ऐकते आहे आणि मला हे असं शब्दांत सापडलं नव्हतं. मग तिनेच शोधून काढलं की हे गाणं पुढे सुटं निघालं तेव्हा पॉल सायमन स्वतः ॲनीसोबत गायला. ज्याचं गाणं तोच शेजारी येऊन उभा राहिला. त्यावर लेक म्हणाली, "म्हणजे त्याला चाललं."

तिचं पूर्ण समाधान झालंय असं नाही. 'टेक मी टू द रिव्हर' तिला अल ग्रीनचंच आवडतं, आणि त्याबाबतीत मलाही आता तिचं पटायला लागलं आहे.

पडद्यामागे
अल ग्रीनबद्दल लेकीला माझं अनुमोदन कळवा.

विजयनगरचा_भिया
बाबांची ती कॅसेट अजून घरी आहे. आज पूर्ण ऐकली, पहिल्यांदाच. गाणारा पोरगा मन लावून गातो हो. फोटो त्याचाच लावायला हवा होता.

काळी_पाच
निवृत्त काका, तुम्ही मुकेश कुठल्या पट्टीत गाता?

निवृत्त_तिलकनगर
ट्रॅक काळी दोनचा असतो. हल्ली वर ताणतं.

काळी_पाच
वाटलंच. पांढरी एकमध्ये गाऊन बघा, गळा सुटेल. या गुरुवारी येतो, पेटी घेऊन. ट्रॅक लावू नका.